सुशीलकुमार शिंदे आणि सोलापूरचा मतदार

सुशीलकुमार शिंदे यांची कारकीर्द सांगताना बहुधा त्यांच्या पदांची यादी दिली जाते. सोलापूरच्या न्यायालयातील शिपाई, नंतर पोलीस उपनिरीक्षक, मग आमदार, राज्याचे अर्थमंत्री, मुख्यमंत्री, आंध्र प्रदेशचे राज्यपाल आणि शेवटी देशाचे गृहमंत्री, असा हा चढता क्रम खरोखरच विलक्षण आहे. तथापि लोकप्रतिनिधी म्हणून त्यांचे मोजमाप करायचे असेल, तर पदांपेक्षा मतमोजणीचे आकडे अधिक बोलके ठरतात, आणि त्यांच्या पराभवांविषयी जे सरसकट बोलले जाते त्याला हे आकडे दुजोरा देत नाहीत.

४ सप्टेंबर १९४१ रोजी सोलापुरात एका दलित कुटुंबात जन्मलेले शिंदे पोलीस खात्यातील नोकरी सोडून काँग्रेसमध्ये आले आणि १९७४ साली करमाळ्याच्या पोटनिवडणुकीत विधानसभेवर निवडून गेले. पुढची सुमारे अठरा वर्षे ते सातत्याने आमदार राहिले आणि अर्थमंत्री या नात्याने त्यांनी नऊ वेळा राज्याचा अर्थसंकल्प मांडला. १९९२ मध्ये ते राज्यसभेवर गेले. राज्यसभेचे सदस्य थेट जनतेकडून नव्हे, तर राज्यांच्या विधानसभांतील आमदारांकडून निवडले जातात. त्यामुळे संसदेतील त्यांचा प्रवेश मतदारांच्या नव्हे, पक्षाच्या विश्वासावर झाला, असे म्हणता येते.

लोकसभेसाठी मतदारांपुढे ते प्रथम उभे राहिले १९९८ मध्ये. सोलापूर हा काँग्रेसचा जुना मतदारसंघ होता. गिरणी, यंत्रमाग आणि विडी यांवर जगणाऱ्या, मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चार भाषांत वावरणाऱ्या या शहराच्या मतदारसंघाने १९६७ पासून तीनदा सूरजरतन दमाणी, दोनदा गंगाधर कुचन आणि दोनदा धर्मण्णा सादूल यांना दिल्लीस पाठवले होते. १९९६ मध्ये भारतीय जनता पक्षाचे लिंगराज वल्याळ यांनी ही परंपरा मोडली, आणि गेलेली जागा परत मिळवण्याची जबाबदारी शिंदे यांच्यावर आली. त्यांनी १९९८ व १९९९ अशा लागोपाठच्या दोन्ही निवडणुका जिंकल्या. त्या वेळी सोलापूर लोकसभा मतदारसंघ खुला होता. जिल्ह्यातील राखीव जागा पंढरपूरची होती आणि तेथून संदीपान थोरात १९७७ ते १९९८ या काळात सात वेळा निवडून आले. शिंदे यांचे लोकसभेतील पहिले दोन विजय खुल्या जागेवरचे आहेत, ही बाब आवर्जून नोंदवायला हवी, कारण दलित नेत्याचे यश केवळ आरक्षणाच्या खात्यावर टाकण्याची सवय आपल्याकडे फार खोल रुजलेली आहे.

यानंतर मात्र मतदारसंघाचा आणि त्यांचा संबंध पक्षाच्या गरजांनी वारंवार तोडला. २००२ मध्ये ते उपराष्ट्रपतिपदासाठी विरोधी पक्षांचे उमेदवार झाले आणि भैरोसिंह शेखावत यांच्याकडून ४५४ विरुद्ध ३०५ मतांनी पराभूत झाले. जानेवारी २००३ मध्ये विलासराव देशमुख यांच्या जागी त्यांना मुख्यमंत्री करण्यात आले. विधिमंडळाचा सदस्य नसलेल्या मंत्र्याला सहा महिन्यांच्या आत निवडून यावे लागते, या घटनात्मक तरतुदीमुळे ते दक्षिण सोलापूरमधून विधानसभेवर गेले. पण त्यांनी रिकामी केलेली लोकसभेची जागा पोटनिवडणुकीत भाजपच्या प्रतापसिंह मोहिते-पाटील यांनी घेतली. २००४ मध्ये त्यांच्या पत्नी उज्ज्वला शिंदे यांना त्याच जागेवर सुभाष देशमुख यांच्याकडून हार पत्करावी लागली. त्याच वर्षी विधानसभेत काँग्रेसच्या आघाडीला सत्ता मिळूनही मुख्यमंत्रिपद त्यांच्याकडे राहिले नाही आणि त्यांची रवानगी हैदराबादच्या राजभवनात झाली. २००६ मध्ये राज्यसभेमार्गे ते केंद्रात ऊर्जामंत्री झाले.

२००८ च्या पुनर्रचनेत, म्हणजे लोकसंख्येनुसार मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखताना, पंढरपूरचा राखीव मतदारसंघ संपला आणि सोलापूर अनुसूचित जातींसाठी राखीव झाले. राखीव जागेवर उमेदवार त्या प्रवर्गातला असावा लागतो, परंतु मतदान सर्वच मतदार करतात, त्यामुळे लिंगायत, पद्मशाली, मराठा आणि मुस्लिम मतांचे वजन जराही कमी होत नाही. २००९ मध्ये शिंदे यांना ३,८७,५९१ मते मिळाली आणि भाजपचे शरद बनसोडे ९९,६३२ मतांनी मागे राहिले. जुलै २०१२ मध्ये ते गृहमंत्री झाले आणि पंतप्रधान मनमोहन सिंग राज्यसभेचे सदस्य असल्याने लोकसभेत सरकार पक्षाचे नेतृत्व करणारे सभागृह नेतेपदही त्यांच्याकडे आले. फेब्रुवारी २०१४ मध्ये तेलंगणाच्या निर्मितीचे विधेयक त्यांनीच, सभागृहात मिरपुडीचा फवारा उडाला असताना, मांडले.

त्यानंतर तीनच महिन्यांनी बनसोडे यांनी त्यांचा १,४९,६७४ मतांनी पराभव केला, आणि २०१९ मध्ये भाजपचेच जयसिद्धेश्वर शिवाचार्य महास्वामी यांनी १,५८,६०८ मतांनी. सोलापूरने शिंदे यांच्याकडे पाठ फिरवली, असा याचा सर्रास अर्थ लावला जातो. परंतु २०१४ मध्ये त्यांना ३,६८,२०५ आणि २०१९ मध्ये ३,६६,३७७ मते पडली होती. याचा अर्थ, विजयाच्या वर्षापासून दुसऱ्या पराभवापर्यंतच्या दहा वर्षांत त्यांची मते केवळ एकवीस हजारांनी घटली, तर भाजपची २,८७,९५९ वरून ५,२४,९८५ वर गेली. प्रत्येक मतदार तोच राहिला असे यावरून सिद्ध होत नाही. तरीही एकूण आधार टिकून होता आणि वाढलेले मतदान जवळजवळ सगळे इतरांकडे गेले, हे मान्य करावेच लागते. देशाच्या गृहमंत्र्यालाही आपल्या गावात नवा मतदार जोडता आला नाही, हे त्या पराभवांचे खरे स्वरूप आहे, आणि ते मतदार गमावण्याहून वेगळे व पक्षसंघटनेच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे.

२०१९ मध्ये वंचित बहुजन आघाडीचे प्रकाश आंबेडकर यांनी घेतलेली १,७०,००७ मते फरकापेक्षा थोडी अधिक होती, म्हणून तो पराभव मतविभागणीचा ठरवला जातो. ती सारी मते अन्यथा काँग्रेसलाच मिळाली असती, हे गृहीतक धाडसाचे आहे. २०२४ मध्ये कन्या प्रणिती शिंदे यांनी, विधानसभेच्या सलग तीन विजयांनंतर, भाजपचे राम सातपुते यांना ७४,१९७ मतांनी हरवले तेव्हा त्यांना ६,२०,२२५ मते मिळाली. २०१९ मधील शिंदे आणि आंबेडकर यांची मते एकत्र केली तरी ही संख्या त्याहून सुमारे ८४ हजारांनी जास्त भरते, आणि भाजपची मतेही त्या वर्षी घटली नव्हती, उलट ५,४६,०२८ पर्यंत वाढली होती.