खुर्ची सोडून ती निघून का जात नाही?

शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजता लंडनमधल्या एका उंच इमारतीच्या तेराव्या मजल्यावर एक तरुणी मुलाखतीला येते. हवी तशी नोकरी चालून आलेली आहे. आठवडा संपल्यामुळे बाकीचे सगळे घरी गेलेत आणि मजल्यावर ती व मुलाखत घेणारा माणूस, एवढेच उरलेत. प्रश्न हळूहळू नोकरीचा विषय सोडून भलतीकडेच वळायला लागतात. सी. एम. यूअन या इंग्रज लेखकाच्या ‘द इंटरव्ह्यू’ या २०२२ सालच्या थरारकादंबरीची मांडणी ही अशी आहे. या जातीच्या पुस्तकांवर वाचकांचे नेहमी दोन तट पडतात. काही जण सांगतात, हातातून पुस्तक सुटलं नाही, एका बैठकीत संपवलं. काही जण वैतागून विचारतात, एवढं सगळं खटकत होतं तर ती उठून निघून का गेली नाही? दार समोर होतं, पाय धड होते. हा दुसरा प्रश्न रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर द्यायला हवं, कारण मुलाखतीवरच्या रहस्यकथेचा सगळा डोलारा त्यावरच उभा असतो. उमेदवाराचं न उठणं वाचकाला सर्वांत खोटं वाटतं. माझ्या मते अशा कथेतली सर्वांत खरी गोष्ट तीच असते. बीडसारख्या जिल्ह्यातून पाहिलं की हे जास्त स्पष्ट दिसतं.

या जिल्ह्यात नोकरी म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगावं लागतं. पाऊस बेभरवशाचा, मोठे कारखाने मोजके. दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर कासार इथली गावं ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवराबायकोची जोडी मिळून एक ‘कोयता’ मोजला जातो आणि मुकादमाकडून आधीच ‘उचल’, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते. एकदा उचल घेतली की ती फिटेपर्यंत उसाचा फड सोडता येत नाही. एक दिवस आजारपण आलं तरी खाडा लागतो, पैसे कापले जातात. याच घरांतली शिकलेली मुलं डी. एड., बी. एड. करतात, पोलीस भरतीसाठी पहाटे पळतात, स्पर्धा परीक्षांसाठी पुण्यात खोली घेऊन राहतात. मुलाच्या हातातला मुलाखतीचा कॉल हा त्या घरासाठी फडातून सुटण्याचा रस्ता असतो. असा मुलगा शाळेच्या संस्थाचालकांसमोर बसतो आणि प्रश्न विषयज्ञानावरून ‘तुमची तयारी किती’ यावर येतो. यातली तयारी म्हणजे अभ्यास नव्हे, हे त्याला लगेच कळतं. खासगी अनुदानित शाळांच्या भरतीतलं ‘डोनेशन’ हे मराठवाड्यातच काय, सगळ्या महाराष्ट्रात उघड गुपित आहे. तरीही तो उठत नाही. ‘घरी विचारून सांगतो’ म्हणतो आणि बाहेर येऊन जमिनीचा हिशेब मांडतो. अडला हरी गाढवाचे पाय धरी, ही म्हण आपल्याकडे अशा अनुभवांतूनच रुजली असणार.

मुलाखतीची खोली घातक ठरू शकते, हे सरकारनेही आपल्या परीने मान्य केलं आहे. २०१५च्या स्वातंत्र्यदिनाच्या भाषणात पंतप्रधानांनी कनिष्ठ पदांच्या मुलाखती बंद करण्याचा विषय काढला आणि १ जानेवारी २०१६ पासून केंद्रात गट ब अराजपत्रित, गट क आणि गट ड या पदांसाठी मुलाखत उरली नाही. महाराष्ट्राने २०१७ मध्ये शिक्षक भरतीसाठी पवित्र पोर्टल आणलं, अभियोग्यता चाचणीच्या गुणांना महत्त्व दिलं. मात्र खासगी संस्थांसाठी ‘मुलाखतीसह’ असा पर्याय राहिलाच. बंद दाराआड दोनचार माणसांच्या मर्जीवर एखाद्याचं आयुष्य ठरू नये, हा या सगळ्यामागचा विचार. थरारकादंबरीचा लेखक नेमकं हेच दार वाचकासमोर पुन्हा लावून घेतो.

आता जुन्या पुराव्याकडे जाऊ. नोकरीच्या आमिषातून उभी राहणारी रहस्यकथा आर्थर कॉनन डॉयलने सव्वाशे वर्षांपूर्वीच पुरेपूर वापरली. १८९१ सालच्या ‘रेड हेडेड लीग’मध्ये लाल केसांच्या माणसाला आठवड्याला चार पौंड मिळतात, काम काय तर ज्ञानकोश उतरवून काढायचा. १८९२ची ‘कॉपर बीचेस’ तर मुलाखतीची कथा म्हणून आजही आदर्श मानावी अशी आहे. व्हायोलेट हंटर ही शिक्षिका. आधीच्या घरी तिला महिना चार पौंड मिळायचे, आता ती बेकार आहे. एजन्सीच्या खोलीत एक गुबगुबीत, हसतमुख गृहस्थ तिला वर्षाला शंभर पौंड देऊ करतो. अट अशी की, सांगू तो पोशाख घालायचा, सांगू तिथे बसायचं आणि केस कापून टाकायचे. ती चक्क नकार देते. एजन्सीची बाई तिला वर झापते, पुन्हा अशी नोकरी शोधून देणार नाही म्हणते. ती घरी येते तेव्हा कपाटात खायला फारसं काही नसतं आणि टेबलावर दोनतीन बिलं पडलेली असतात. मग एकशेवीस पौंडांचं पत्र येतं आणि ती केस कापायला तयार होते. डॉयलने या बाईला मूर्ख ठरवलेलं नाही. तिला धोका कळतो, ती आधी शेरलॉक होम्सकडे जाऊन सल्ला घेते आणि तरीही जाते. बिलांचा तो उल्लेख एका वाक्याचाच, पण तो नसता तर पुढचं सगळं पोकळ वाटलं असतं. भालबा केळकरांनी होम्सला मराठीत आणलं, त्यामुळे आपल्या वाचकाला ही रीत नवी नाही.

गरज नसलेला माणूस तरी उठून जातो का? याचं उत्तर १९६८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात मिळतं. बिब लताने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना मुलाखतीच्या निमित्तानेच बोलावलं होतं. शहरातल्या विद्यापीठातलं जगणं कसं असतं यावर बोलायचं होतं. बाहेरच्या छोट्या खोलीत फॉर्म भरत बसलेल्या विद्यार्थ्याच्या समोर भिंतीतल्या झरोक्यातून धूर यायला लागायचा. एकटा विद्यार्थी असेल तर चौघांतले तिघे उठून कुणाला तरी सांगत. पण सोबत आणखी दोघे बसलेले असतील आणि ते (आधीच पढवलेले असल्यामुळे) ढिम्म हलत नसतील, तर दहांतला एकच उठे. बाकीचे डोळे चोळत, खोकत, धूर हाताने वारत फॉर्म भरत राहिले. त्यांची कुठलीही नोकरी पणाला लागलेली नव्हती. आपण उगाच घाबरलो असं दिसू नये, एवढ्यासाठी ते बसून राहिले असावेत. यावर घराची सगळी आशा रचली, तर खुर्ची किती जड होईल हे वेगळं सांगायला नको.

यावर एक आक्षेप असा येईल की, हे दाखले जुने, परदेशी. आजचा तरुण फोनवर दोन मिनिटांत कंपनीची कुंडली काढतो. पण गेल्या काही वर्षांत तरुणांना थायलंडमध्ये चांगल्या पगाराची नोकरी सांगून म्यानमारच्या सीमेवरच्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेलं गेलं. तिथे पासपोर्ट काढून घेतात आणि इतरांना गंडवण्याच्या कामाला जुंपतात. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने हवाई दलाच्या विमानांनी तिथून ५४९ भारतीयांना परत आणलं. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाच्या ऑगस्ट २०२३च्या अहवालाने म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार आणि कंबोडियात सुमारे १ लाख लोक असे अडकलेले असावेत असा अंदाज दिला. त्यातले बरेच जण पदवीधर, अनेक भाषा येणारे, संगणकात तरबेज असल्याचंही त्यात नोंदवलं आहे. म्हणजे शिक्षण नव्हतं म्हणून फसले, हे काही खरं नाही.

दुसरा आक्षेप मात्र वजनदार आहे आणि तो मला बराचसा मान्य आहे. गरज आणि संकोच ही कारणं खरी असली, तरी ती पुस्तकात दिसली पाहिजेत. पुष्कळ थरारकादंबऱ्यांत लेखक उमेदवाराला खुर्चीत बसवून ठेवतो ते कथानकाच्या सोयीसाठी. लिफ्ट बंद पडते, फोनची रेंज जाते, दाराला कुलूप लागतं. कुलूप लागलं की प्रश्नच संपतो, कारण मग न उठण्यात काही उकलायचं उरत नाही. त्यापुढे पळापळ, मारामारी आणि स्फोट सुरू होतात. अशा पुस्तकावर ‘पहिली शंभर पानं जबरदस्त, पुढे फसलं’ असं वाचक म्हणतात, तेव्हा त्यांची नाडीपरीक्षा अचूक असते. पहिल्या शंभर पानांत दार उघडं होतं. ‘ती उठली का नाही’ असं चिडून विचारणारा वाचकही नकळत हेच मागत असतो. त्याला अडचणीचा हिशेब हवा आहे. डॉयलने दिला तसा, बिलांसकट.

आणि इथे मराठी रहस्यकथेबद्दलची माझी खंत सांगायला हवी. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू यांनी गावोगावच्या वाचनालयांना पिढ्यान् पिढ्या वाचक मिळवून दिले. सुहास शिरवळकरांनी तोच वाचक तरुण केला. त्यांचे नायक कुठल्याही खोलीतून सुटू शकतील असे बेडर होते आणि ती त्या काळाची भूक होती. नोकरीच्या दारात अडकलेला माणूस आपल्याकडे आला तो सामाजिक कादंबरीत. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’मधला शिकलेला एकनाथ पैशांअभावी नोकरीला मुकतो, त्या कादंबरीला २००४चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पण वाचनालयात या दोन जातींची पुस्तकं दोन वेगळ्या कपाटांत राहिली. एकीकडे उत्कंठा आहे पण उचल नाही, दुसरीकडे उचल आहे पण पुढे काय होणार या धास्तीने पान उलटायला लावणारी गोष्ट नाही.

कुणी म्हणेल, बीडच्या पोरांचं दुःख करमणुकीला वापरायचं का? भीतीची गोष्ट माणसाला हलकं करते असं मी मानत नाही. संस्थेच्या कार्यालयात बसलेला, समोरच्या रजिस्टरमध्ये दुसऱ्याचं नाव आधीच लिहिलेलं पाहणारा आणि तरी ‘सर, अजून काही विचारायचंय का’ म्हणणारा उमेदवार घ्या. त्याने पाहिलंय हे समोरच्यालाही कळलेलं आहे. त्या क्षणी दोघांकडेही गमावण्यासारखं बरंच काही असतं आणि यातून निदान चार वेगळी कथानकं निघतात. त्यातल्या एकालाही तेरावा मजला लागत नाही. आष्टीतला किंवा माजलगावातला एखादा लिहिता हात हे करू शकेल, आणि ते पुस्तक वाचताना ‘हा उठत का नाही’ असं विचारण्याआधीच इथल्या वाचकाला त्याचं उत्तर ठाऊक असेल.