मुंबईतील घरगुती शीतकरण व ऊर्जाबचत

घर थंड राखताना खर्च होणारी वीज कमी करण्याच्या उपायांना घरगुती शीतकरणातील ऊर्जाबचत असे म्हणतात. थंड देशांत हा विषय मुख्यतः घर उबदार ठेवण्याशी जोडलेला असतो. मुंबईत खोली तापवावी लागत नाही, त्यामुळे येथे प्रश्न उरतो तो उष्मा व दमटपणा यांचा. सरकारी वसाहत, पुनर्वसन इमारती आणि पत्र्याची घरे शेजारी शेजारी असलेला अँटॉप हिल (वडाळा पूर्व) हा परिसर त्याचे बोलके उदाहरण आहे.

हवामान

मे महिन्यात मुंबईचे सरासरी कमाल तापमान ३३ ते ३४ अंश सेल्सिअस असते. नागपूरच्या ४५ अंशांपुढे ते सौम्य वाटते, परंतु हवेतील बाष्पामुळे घाम वाळत नाही. याच कारणाने विदर्भात उपयुक्त ठरणारा वाळ्याचा कूलर मुंबईत निरुपयोगी ठरतो. तो पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो. हवा आधीच दमट असेल तर खोली थंड न होता अधिक कोंदट होते.

घरांची रचना

अँटॉप हिल येथील केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या वसाहतीतील जुन्या बैठ्या धाटणीच्या इमारतींत वरच्या मजल्यावरील घरांना सर्वाधिक उष्मा जाणवतो. गच्चीचा काँक्रीटचा थर दिवसभर तापतो आणि ती उष्णता रात्री खोलीत सोडतो. गच्चीवर पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांचा थर (चायना मोझॅक) देणे किंवा चुना अथवा परावर्तक रंग लावणे, हे यावरील परिचित उपाय होत. मात्र वीजबिल रहिवासी भरतो आणि गच्चीची देखभाल केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असते. त्यामुळे ज्याला लाभ होणार त्याच्या हाती उपाय नसतो. भाड्याच्या घरांतही हीच अडचण येते.

पत्र्याच्या घरांत काँक्रीटचा थरच नसल्याने पत्रा उन्हाबरोबर तापतो व रात्री लवकर निवतो. तेथे पत्र्याखाली छत घालून मध्ये हवेची पोकळी राखल्यास दुपारचा ताप कमी होतो. पुनर्वसनाच्या उंच इमारतींत अडचण वेगळी आहे. मधल्या बोळाच्या दोन्ही बाजूंना घरे असल्यास समोरासमोर खिडक्या ठेवता येत नाहीत आणि वारा आरपार जात नाही. जुन्या चाळींच्या गॅलऱ्यांनी व खिडक्यांवरील रुंद छज्ज्यांनी जे काम विनाखर्च केले, ते अशा घरांत विजेवर करावे लागते. केंद्र सरकारच्या 'इको निवास संहिता २०१८' मध्ये निवासी इमारतींच्या भिंती व छपरांतून येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा सुचवलेली आहे.

पंखे

साधा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट, तर ब्रशविरहित मोटारीचा (बीएलडीसी) पंखा सुमारे ३० वॅट वीज घेतो. दिवसाला १२ तास वापर धरल्यास महिन्याला पहिल्यास २७, तर दुसऱ्यास सुमारे ११ युनिटे लागतात. पंखा हवेचे तापमान कमी करत नाही, केवळ घाम वाळवतो. म्हणून रिकाम्या खोलीत तो चालू ठेवण्यात काहीच अर्थ नाही.

वातानुकूलन यंत्रे

वातानुकूलन यंत्राची क्षमता टनांत मोजतात. हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे, एक टन बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो हा दर आहे (सुमारे ३.५ किलोवॅट). मुंबईत यंत्राची बरीच शक्ती हवेतील बाष्पाचे पाणी करण्यात जाते. बाहेर ठिबकणारी नळी त्याचीच साक्ष होय. खिडकीच्या फटी उघड्या राहिल्यास नवे बाष्प सतत आत येत राहते.

ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या (स्थापना २००२) अंदाजानुसार तापमान एका अंशाने वाढवून ठेवल्यास सुमारे ६ टक्के वीज वाचते. १ जानेवारी २०२० पासून तारांकित यंत्रे सुरू होताना २४ अंशांवर असणे बंधनकारक करण्यात आले. वापरकर्ता ते बदलू शकतो. यंत्रासोबत मंद पंखा लावल्यास २६ अंशही सुसह्य वाटतात. जाळीवरील धूळ वेळोवेळी धुणे आवश्यक असते.

वीजदर

अँटॉप हिलला बेस्ट उपक्रमाकडून वीज मिळते. घरगुती दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो व ते टप्प्यांचे असतात: १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५०० आणि त्यापुढे. वाचलेली युनिटे वरच्या, म्हणजे महाग टप्प्यातून वजा होतात. महिन्याला ११० युनिटे वापरणाऱ्या घराने वर सांगितल्याप्रमाणे एक पंखा बदलल्यास वापर पहिल्या टप्प्यात येतो.