आधी दार बघा, मग कुलूप

कोल्हापुरात आषाढाची झड लागली की घरोघरी एकच तक्रार. किल्ली फिरत नाही, कुलूप अडकतं. खापर फुटतं कुलपावर, आणि नवं कुलूप बसवूनही दुखणं तसंच राहतं. शुक्रवार पेठेतल्या एका जुन्या घरी सुतारमामांचं काम शेजारी बसून पाहिलं, तेव्हा यामागचं कारण उमगलं.

मामांनी पिशवीला हातही लावला नाही. दार सताड उघडलं आणि तसंच किल्ली फिरवली. बोल्ट सरसर बाहेर आला, सरसर आत गेला. "वहिनी, कुलपाला कायबी झालेलं न्हाई. दार उतरलंय."

मग बोल्टच्या टोकाला निळा खडू घासला, दार लोटून किल्ली जाईल तितकी फिरवली. उघडल्यावर चौकटीतल्या लोखंडी पट्टीवर निळा डाग उमटलेला होता, भोकाच्या दोन सूत खाली. म्हणजे पाव इंच. एवढ्यानं सगळं घर बेजार झालेलं!

मूळ निघालं वरच्या बिजागरीत. दाराचा सगळा ओढा तिच्यावर येतो. तिचे स्क्रू ढिले होऊन चौकटीतली भोकं मोठी झाली होती. मामांनी सागवानी खुंट्या तासल्या, फेव्हिकॉल लावून भोकांत ठोकल्या, पटाशीनं सपाट केल्या आणि त्यांत लांब स्क्रू आवळले. दार वर आलं. पट्टीच्या भोकाला कानशीचे चार हात दिले. किल्ली दोन बोटांनी फिरली.

रंधा मारायला मात्र त्यांनी साफ नकार दिला. ते मला फार पटलं. लाकूड पावसाळ्यात फुगतं ते आडवं, उंचीत जवळपास नाहीच. आज तासलेलं दार उन्हाळ्यात आकसलं की फट पडते, आणि तासलेलं लाकूड परत येत नाही.

वहिनींनी खोबरेल पुढे केलं, तेही परत गेलं. आतल्या बारीक पिना स्प्रिंगवर उचलल्या जातात. तेलाला धूळ चिकटून त्याचा चिखल होतो, शिवाय खोबरेल थंडीत गोठतं. पेन्सिलीच्या शिशाची पूड किल्लीला चोळून दोन-चारदा फिरवली की पुरे.

२०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पंचगंगेचं पाणी घराघरांत शिरलं, तेव्हा कुलपांत गाळ बसला. अशा वेळी किल्लीवर जोर करू नये, ती आतच मोडते. सिलिंडर काढून स्वच्छ पाण्यात खळबळून धुवावा, पूर्ण वाळवावा, मगच शिसं.

पुढच्या मे महिन्यात एक काम नक्की करा. दार उतरवून त्याच्या वरच्या आणि खालच्या कडांना रंगाचे दोन हात द्या. या कडा नजरेला पडत नाहीत म्हणून कोऱ्या राहतात, आणि दार सर्वांत जास्त पाणी पितं ते तिथूनच.