जपानी भाषेतील आपली पातळी : मापन आणि आत्मपरीक्षण

परभाषेचा अभ्यास काही काळ केल्यानंतर आपण नेमके कोठवर आलो आहोत, हा प्रश्न प्रत्येक अभ्यासकापुढे उभा राहतो. जपानीच्या बाबतीत तो विशेष बिकट होतो. कारण वाचणे, लिहिणे, ऐकणे आणि बोलणे या चार क्षमता या भाषेत समान गतीने वाढत नाहीत. शिवाय मराठीभाषक अभ्यासकाला प्रारंभी जी सुलभता अनुभवास येते, तीच पुढे त्याची दिशाभूल करण्याचा संभव असतो.

पातळी ठरविण्याचे सर्वपरिचित साधन म्हणजे जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा. ती १९८४ मध्ये सुरू झाली. आरंभी तिच्या चार श्रेणी होत्या. २०१० पासून एन-५ ते एन-१ अशा पाच श्रेणी आहेत आणि त्यांत एन-१ ही सर्वोच्च होय. या परीक्षेत शब्दज्ञान, व्याकरण, वाचन आणि श्रवण यांची कसोटी लागते. संभाषण आणि लेखन मात्र तीत तपासले जात नाही. दिलेल्या पर्यायांतून उत्तर निवडावयाचे असते. एन-१ मध्ये १८० पैकी १०० गुण मिळवावे लागतात आणि तिन्ही विभागांत प्रत्येकी ६० पैकी किमान १९ गुण आवश्यक असतात. म्हणजे भाषाज्ञानात ४०, वाचनात ४० आणि श्रवणात केवळ २० गुण मिळविणाराही उत्तीर्ण होतो. आणि ३०, ३०, ४० असे गुण मिळविणाराही. दोघांची श्रेणी एकच, परंतु दोघांचे जपानी एक नव्हे. म्हणून श्रेणीपेक्षा विभागवार गुण अधिक बोलके असतात.

आता मराठीभाषकाच्या विशिष्ट स्थितीकडे वळू. जपानी अक्षरमालेचा 'आ, का, सा, ता, ना' हा क्रम भारतीय वर्णविचारातून गेलेला असल्याने तो त्याला परका वाटत नाही. कर्ता, कर्म, क्रियापद हा वाक्यक्रमही ओळखीचाच. 'खाऊन पाहणे' या मराठी रचनेला 'ताबेते मिरु' ही जपानी रचना शब्दशः जुळते. 'पाहणे' या क्रियापदाचा 'प्रयत्न करणे' हा अर्थविस्तार दोन्ही भाषांत सारखाच झाला आहे. परिणामी पहिल्या वर्षातच वाक्ये झरझर जमू लागतात आणि भाषा हाती आल्याचा भास होतो. वस्तुतः त्या प्रगतीचा बराच भाग मातृभाषेने दिलेला असतो. तो स्वतःच्या खाती जमा करणे योग्य ठरत नाही.

जेथे मराठी साह्य करीत नाही, तेथेच खरी पातळी कळते. मराठीतील एका 'देणे' या क्रियापदासाठी जपानीत, आपण दुसऱ्याला दिले तर 'आगेरु' आणि दुसऱ्याने आपल्याला दिले तर 'कुरेरु', अशी निराळी क्रियापदे येतात. आदरार्थी प्रयोगांत तर सूत्रच बदलते. मराठी मनुष्य परक्याजवळही 'बाबा बाहेर गेले आहेत' असे आदराने बोलतो. जपानी मनुष्य वडिलांना हाक मारताना 'ओतोओसान' म्हणतो. पण परक्यापुढे त्यांचा उल्लेख 'चिचि' असा करतो, कारण तेथे आपल्या माणसांना नम्रतेने मांडावयाचे असते. हा भेद नियम म्हणून सांगता येणे वेगळे आणि दूरध्वनीवर अवचित विचारणा झाली असता तो पाळता येणे वेगळे.

लिपीविषयीही असेच. नित्य वापराच्या चित्राक्षरांची २०१० मधील अधिकृत यादी २,१३६ अक्षरांची आहे. परंतु ओळखीच्या अक्षरांची संख्या म्हणजे ज्ञान नव्हे. 'जीवन', 'जन्म' असा अर्थ असलेले एकच अक्षर 'गाकुसेइ' या शब्दात 'सेइ', 'इश्शोओ' या शब्दात 'शोओ', 'इकिरु' मध्ये 'इ', तर 'कच्चे' या अर्थी 'नामा' असे वाचले जाते. उच्चार देवनागरीत टिपणाऱ्याची आणखी एक फसगत होते : 'ओबासान' म्हणजे मावशी वा आत्या आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी, दीर्घत्वाची खूण सुटली की त्याच्या वहीत दोघी एकच होतात.

यावरून आत्मपरीक्षणाची एक साधी रीत सुचते. वृत्तपत्रातील अपरिचित परिच्छेद शब्दकोशाशिवाय वाचून त्याचा सारांश मराठीत लिहावा आणि मग चूक अक्षरात, शब्दात की वाक्यरचनेत झाली, हे तपासावे. दोन मिनिटांचे ध्वनिमुद्रित वार्तापत्र दोनदा ऐकून उतरवून घ्यावे. एकच प्रसंग आधी मित्राला आणि मग वरिष्ठाला सांगतो आहोत, अशा दोन परींनी बोलून पाहावा. एक पृष्ठ न पाहता हाताने लिहावे. सहा महिन्यांनी तेवढ्याच काठिण्याच्या नव्या मजकुरावर हे सर्व पुन्हा करावे. चारही निष्कर्ष वेगवेगळे येतील. त्यांची सरासरी काढू नये, कारण दुबळी बाजू सरासरीतच लपते.

हा विचार केवळ पंडिती नाही. विशिष्ट कौशल्ये असलेल्या परदेशी कामगारांसाठी जपानने २०१९ मध्ये नवी प्रवेशव्यवस्था सुरू केली आणि २०२१ मध्ये भारताशी तत्संबंधी सहकार्याचा करार केला. तीत सामान्यतः एन-४ किंवा तत्सम परीक्षा पुरेशी मानली जाते. वृद्धांच्या शुश्रूषेसाठी आणखी एक भाषाचाचणी असते. पण अंथरुणावरील वृद्धा आपले दुखणे 'झुकिझुकि' आहे की 'चिकुचिकु', एवढेच सांगते. पहिले ठसठसणे, दुसरे टोचणे. मराठीतही वेदनेला असेच नादमय शब्द असल्याने आपल्या शुश्रूषकाला हा भेद चटकन उमगावा. मात्र ते शब्द त्याने प्रमाणपत्राच्या पलीकडे जाऊन कानांनी शिकलेले असावे लागतात. आपल्याला काय येत नाही हे ज्याला ठाऊक असते, तो पुन्हा विचारतो; ज्याला ठाऊक नसते, तो मान डोलावतो. पातळी ओळखण्याचे प्रयोजन या दोहोंतील अंतरात आहे.