नांवलौकिक आणि धंद्याची जाण

नांवलौकिक म्हणजे धंद्याची जाण नव्हे. हेन्री फोर्ड यांचें मोटारींतील कर्तृत्व निर्विवाद होतें. त्या कीर्तीच्या बळावर १९२८ सालीं त्यांनीं ब्राझीलांत तापाजोस नदीकांठीं सुमारें २५ लाख एकर जमीन मिळवून रबराची लागवड आरंभिली; मात्र वनस्पतिशास्त्रज्ञाचा सल्ला आरंभीं घेतला नाहीं. रानांत विरळ वाढणारीं झाडें दाटीनें लावल्यामुळें पानांवर बुरशीचा रोग फैलावला. सुमारें २ कोटि डॉलर गिळलेला तो मळा १९४५ सालीं ब्राझील सरकारास अवघ्या अडीच लाख डॉलरांच्या आंत विकावा लागला.

म्हणून शेतकरी बंधूंस आमची विनंती कीं, बियाणें वा यंत्र घेतांना विकणाऱ्याच्या नांवावर भुलूं नये. आपल्यासारख्या जमिनींत त्यानें काय पिकवून दाखविलें, हें आधीं विचारावें.