साखळीची पहिली कडी

आजी घरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, अंथरुणाला खिळल्या आणि महिन्याभराने न्यूमोनियाने गेल्या. हा मृत्यू नैसर्गिक का? इथे ड्रेस्डेनमध्ये नियमाने उत्तर आहे: नाही.

जर्मनीत डॉक्टरने मृतदेह पूर्ण विवस्त्र करून तपासायचा असतो. दाखल्यावर 'हृदय बंद पडलं' एवढं लिहून भागत नाही. ते प्रत्येकाचंच पडतं. कशामुळे काय झालं, ती साखळी लिहावी लागते. भारतात रुग्णालयं भरतात त्या 'नमुना ४'मध्येही हेच अपेक्षित असतं.

आजींच्या साखळीची पहिली कडी म्हणजे पडणं, अर्थात अपघात. म्हणून मृत्यू अनैसर्गिक. अशा वेळी, किंवा कारण उमगलं नाही तरी, डॉक्टरला पोलिसांना कळवावंच लागतं. मग सरकारी वकिलाच्या लेखी परवानगीशिवाय अंत्यसंस्कार होत नाहीत. शिवाय झाक्सन राज्यात दहनाआधी मृतदेहाची दुसरी वैद्यकीय तपासणी लागते, कारण राखेतून नंतर फारसं काही कळत नाही.

आपल्याकडे त्याच दिवशी दहन उरकतात. इथे थांबावं लागतं. दारात पोलीस आले, तर तो घरच्यांवरचा आरोप समजू नका. डॉक्टरने आपलं काम नीट केलं, एवढाच त्याचा अर्थ.