मायलेकींच्या वाचनगटासाठी पुस्तक: दोघींनाही परकं असलेलं

आईनं लहानपणी वाचलेलं पुस्तक निवडलं तर ती शिक्षिका होते. लेकीच्या आवडीची मालिका घेतली तर आई पाहुणी. म्हणून माझं मत असं, की दोघींनाही सारखाच परका असलेला काळ निवडावा, आणि त्यासाठी जुन्या मराठी स्त्री-आत्मकथनांइतकं चांगलं काही नाही. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ ते १९३६) घ्या. वडिलांचं अतिरेकी सोवळं, लहरी नवरा, त्याचं धर्मांतर, हे सगळं त्या इतक्या मिश्किलपणे सांगतात की हसता हसता वाद सुरू होतो: यांनी हे सोसलं का, आणि सोसलं तरी वाकल्या का? या प्रश्नाचं तयार उत्तर आईकडेही नसतं. रमाबाई रानडे यांच्या आठवणींत (१९१०) तर शिकणाऱ्या सुनेला घरातल्या बायकाच विरोध करतात. ‘बाई विरुद्ध पुरुष’ हे सोपं गणित तिथंच मोडतं.

इंग्रजी माध्यमातल्या मुलीला ही भाषा झेपेल का, हा आक्षेप रास्त आहे. पण ‘स्मृतिचित्रे’ प्रसंगाप्रसंगानं पुढे सरकतं. एका बैठकीत एकच प्रसंग, तोही मोठ्यानं वाचला तर अडलेला शब्द ऐकता ऐकताच उलगडतो. (लक्ष्मीबाईंचं लेखन मुळात बोलण्यासारखंच आहे.) मुलीची निवड डावलली जाते, हा आक्षेप मात्र मला मान्य आहे. तेव्हा एक महिना आत्मकथन, पुढचा तिच्या पसंतीचा. आत्मकथनांपैकी बेबी कांबळे यांचं ‘जिणं आमुचं’ भूक आणि जातीची क्रूरता उघडी करतं. ते दहावीनंतर घ्यावं, पण टाळू नये.